रविवारची मोहाडीची द्राक्षबाग: गाड्या, वेळ आणि बागेतली शिस्त

ए-४०२ अण्णा: रविवारी आपल्या सोसायटीने नाशिकजवळच्या मोहाडीला द्राक्षबाग बघायला जायचं आहे, त्यासाठी ११ गाड्यांची नावं आली आहेत. सगळ्या एका ओळीत न्यायच्या नाहीत. हायवेवर मध्ये ट्रक शिरतात, ओळ तुटते आणि मागचे लोक पुढच्यांना गाठायला वेग वाढवतात. घोळ तिथेच होतो. ४, ४ आणि ३ असे गट करू आणि दोन गटांत १० मिनिटांचं अंतर ठेवू. गटातली पहिली गाडी रस्ता माहीत असलेल्याची आणि शेवटची सर्वांत मुरलेल्या चालकाची, कारण मागे पडलेल्याला तोच बघणार. नवीन शिकलेल्याला पहिल्या गाडीच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे सगळ्या गटाचा वेग त्याला झेपेल एवढाच राहतो.

बी-१०४ वहिनी: सगळ्यांनी हॅझर्ड लाइट लावले तर? लांबून आपली गाडी ओळखू येईल.

सी-३०३ दादा: नको वहिनी. चालत्या गाडीत चारही दिवे लुकलुकत असले की वळायचा इंडिकेटर मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. मागच्या काचेवर गटाचा आकडा मोठ्या कागदावर लिहून चिकटवा, तेवढं पुरतं.

आता रस्ता. इंदिरानगरहून उड्डाणपूल धरायचा, म्हणजे द्वारका चौकाच्या गर्दीत सापडत नाही. आडगाव ओलांडलं की सगळ्यांनी डाव्या लेनमध्ये यायचं. पुढे ‘दहावा मैल’ नावाच्या फाट्यावर डावीकडे जानोरीला वळायचं आणि तिथून मोहाडी. वळण चुकलं तर हायवेवर रिव्हर्स घेऊ नका, ओझरपर्यंत जाऊन फिरून या. पिंपळगावचा टोल त्याच्याही पुढे आहे, आपल्याला लागत नाही. जानोरीत रस्त्याकडेला जागा बघून प्रत्येक गटाने एकदा थांबायचं, मोजायचं आणि मग पुढे. मध्ये कुठेही थांबा नाही. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात, चालकाच्या नाही.

ए-६०१ काका: म्हसरूळवरून दिंडोरी रोडने का नाही? मला तो बरा वाटतो.

सी-३०३ दादा: एकट्या गाडीला चांगला आहे काका. गटाला हायवे सोपा, कारण वळणं मोजकी आहेत.

ए-४०२ अण्णा: डिझेल-पेट्रोल, सीएनजी शनिवारीच भरा. सकाळी एक गाडी पंपावर गेली की अख्खा गट ताटकळतो. हवा टायर थंड असताना तपासायची. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, त्यातला पूर्ण भाराचा घ्यायचा. पाच माणसं आणि येताना पेट्या म्हणजे पूर्ण भारच झाला. गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. सीएनजीवाल्यांनी डिकीत सिलिंडर असल्याचं आत्ताच सांगा, त्यांच्या पेट्या दुसऱ्या गाडीत ठेवू.

बी-५०२ ताई: गाड्या बागेत नेता येतील ना? आई-बाबांना फार चालवत नाही.

सी-१०१ भाऊ: बागेत एकही गाडी जाणार नाही, ताई. आई-बाबांना शेडपाशी उतरवून गाडी परत बागेबाहेरच्या मुरूम टाकलेल्या जागेवर आणून लावायची.

कारण सांगतो. पहिली गोष्ट ताणाच्या तारा. मांडवाचा सगळा भार ओळीच्या टोकाला जमिनीत पुरलेल्या ताणावर येतो. ती तिरपी तार बोनेटच्या उंचीला असते आणि उन्हात दिसत नाही. गाडी तिला लागली तर रंग जाईल तो जाईल, पण ताण निसटला तर ओळीतला माल भरलेला मांडव खाली बसतो. वर्षाचं एकच पीक असतं ते.

दुसरी ठिबक. १६ मिलिमीटरच्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, ओळीतून जातात आणि बांधाजवळ सबमेनचे, म्हणजे त्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीचे, व्हॉल्व्ह वर आलेले असतात. चाक गेलं की जोड फुटतो आणि त्या भागाचं पाणी बंद.

तिसरी काळी माती. वरून सुकलेली दिसते, पण ठिबकच्या ओलीने खाली लोणी झालेलं असतं. गाडी रुतली तर रेस करू नका, चाक आणखी खाली जातं. स्टिअरिंग सरळ करा, चाकापुढे मुरूम किंवा पोती टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. ओढायची वेळ आली तर टूलकिटमधला हुक बंपरच्या झाकणामागे आट्यांवर बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून जोर लावू नका. दोर ताणलेला असताना जवळपास कोणी उभं राहायचं नाही. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी इंजिन किंवा मोटर फिरवते ती चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची नसते.

वाळलेल्या गवतावरही लावू नका. लांबून आलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तापलेल्या भागाने गवत पेटू शकतं. गाडी तोंड बाहेर करून लावा आणि शिवाररस्त्यात ट्रॅक्टर किंवा पिकअप समोरून आला तर मागे आपण घ्यायचं. त्यांच्याकडे माल असतो.

बी-१०४ वहिनी: साडेदहाला पोचलो तर चालेल का? मुलं सुट्टीच्या दिवशी उठत नाहीत.

सी-१०१ भाऊ: साडेआठला पोचा वहिनी. एक्स्पोर्टचा माल सकाळच्या गारव्यात काढतात. मण्यात उन्हाची उष्णता शिरली की प्रीकूलिंगला, म्हणजे काढल्यावर माल पटकन गार करायला, वेळ लागतो आणि देठ सुकायला लागतो. दुसऱ्या बाजूने दव असतानाही काढत नाहीत, ओला घड पेटीत सडतो. त्यामुळे खरं काम मधल्या दोन-तीन तासांत होतं. साडेदहाला पोचलात तर रिकामे क्रेट बघाल. आणि त्या वेळात मजुरांना प्रश्न विचारत अडवू नका, त्यांची मजुरी कामावर असते. विचारायचं ते शेडमध्ये, पॅकिंग बघताना.

बी-५०२ ताई: झाडावरचं तोडून मुलांना खाऊ देऊ का? आणि मण्यांवर पांढरं दिसतं ते औषध असतं ना?

सी-१०१ भाऊ: पांढरी लव बहुतेक वेळा मण्याचं स्वतःचं मेण असतं. ते पाणी धरून ठेवतं. बोट लागलं की पुसलं जातं, डाग दिसतो आणि तो घड एक्स्पोर्टमधून बाद होऊ शकतो. म्हणून हात लावायचाच नाही. तोडताना घड देठाला धरतात, मण्यांना नाही. पेपर लावलेला घड उघडून बघू नका, उन्हाने रंग बदलू नये म्हणून तो लावलेला असतो.

खाण्याचं म्हणाल तर शेतकरी देतील त्याच ओळीतलं, धुऊन. प्रत्येक फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात, त्याला पीएचआय म्हणतात. कुठल्या ओळीचा पीएचआय पुरा झाला हे त्यांच्या वहीत असतं, आपल्याला बघून कळत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. तेव्हापासून हा हिशोब फार कडक झाला. तंबाखू, सिगारेट बागेत आणि शेडमध्ये अजिबात नको.

ए-६०१ काका: घेताना गोडी कशी ओळखायची?

सी-१०१ भाऊ: घडाचा सगळ्यात खालचा मणी चाखा. गोडी वरून खाली उतरते. टोकाचा मणी गोड लागला तर अख्खा घड तयार. नुसता वरचा चाखून घेतलात तर घरी निम्मा घड आंबट निघेल. आणि द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखं ठेवून गोड होणार नाही. देठ हिरवा असावा. तपकिरी, काटकीसारखा झाला असेल तर माल शिळा. वजन करताना क्रेटचा धडा आधी करून घ्या, म्हणजे रिकाम्या क्रेटचं वजन मालात धरलं जात नाही.

ए-४०२ अण्णा: पेट्या एकावर एक दोनपेक्षा जास्त रचू नका, खालचे मणी फुटतात आणि रस लागून बाकीचे खराब होतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. निघायच्या आधी पाच मिनिटं एसी लावून मग भरा. घरी न धुता फ्रिजमध्ये, खाताना धुवायची. तयार एक्स्पोर्ट पेटी घेतली तर आतला गंधकाचा कागद आधी काढून टाका. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो.

सी-१०१ भाऊ: कोणाला किती किलो हवी ते शुक्रवारी रात्री ८ पर्यंत फ्लॅट नंबरासह लिहा. शेतकरी तेवढ्या ओळी आपल्यासाठी सोडणार आहेत. नंतरचा आकडा धरला जाणार नाही, कारण उरलेला माल शनिवारीच व्यापाऱ्याला सांगितलेला असेल.

बी-५०२ ताई: बी-५०२, ६ किलो. थॉमसन जातीची.

ए-६०१ काका: ए-६०१, ४ किलो. काळी असतील तर शरद, नाहीतर थॉमसनच.