प्रतिसाद: युसूफ पाशाचा मृत्युदंड

ऑटोमन (तुर्की) आरमाराचा सेनापती युसूफ माशकोविच, म्हणजेच युसूफ पाशा, याला ऑटोमन सुलतान इब्राहिमने केवळ लूट कमी मिळाली म्हणून ठार केले, असे म्हटले जाते. ते अपुरे वाटते. डाल्मेशियातील (आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरील) व्राना गावचा हा माणूस 1645 मध्ये माल्टावर जात असल्याची हूल देऊन आरमारासह क्रीट बेटावर उतरला आणि सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर त्याने व्हेनिसकडून तिथले खानिया शहर घेतले. लुटीवरून सुलतानाची नाराजी होतीच. पण ऐन हिवाळ्यात पुन्हा जहाजे हाकण्यास त्याने नकार दिला, तेव्हा 1646 च्या जानेवारीत त्याचा जीव गेला, आणि तोही सुलतानाचा जावई असताना! (वधू जेमतेम तीन वर्षांची होती.) व्रानात त्याने बांधायला घेतलेली दगडी सराई अर्धवटच राहिली.