बाथमधील जॉर्जियन घर : बुजवलेली खिडकी, थंडी आणि वारसा-यादीचे नियम

प्रश्न : बाळीवेसकर

माझा भाचा इंग्लंडमधील बाथ येथे शिकत असून तो भाड्याने राहतो ते घर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे तिकडे ज्याला जॉर्जियन म्हणतात त्या काळातील आहे आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याची नोंद दुसऱ्या दर्जाची आहे. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत बाजूच्या भिंतीवर खिडकीची पूर्ण चौकट दिसते, पण आत काचेऐवजी दगड आहे. घरमालकांच्या म्हणण्यानुसार पूर्वी खिडक्यांवर कर होता, म्हणून ती बुजवली. हे खरे मानावे का? दर्शनी भागातील खिडक्या वरच्या मजल्यांवर लहान लहान होत जातात, त्यामागे काही हिशेब आहे का? भाच्याची तक्रार थंडीची आहे. मालक दुहेरी काच बसवायला तयार नाहीत आणि नियमाकडे बोट दाखवतात. सोलापूरकरांना संरक्षित वास्तू म्हटली की भुईकोट किल्ला आठवतो. लोक राहतात ते खासगी घर संरक्षित असते म्हणजे नेमके काय, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : आराखडा, होटगी रोड

इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात एकापाठोपाठ एक असे चार जॉर्ज राजे आले, त्यावरून हे नाव पडले. या काळातील शहरी घर सहसा सुटे नसते. ते रांगेतले घर असते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, दर्शनी रुंदी बहुधा दोन-तीन खिडक्यांची आणि घर मागे लांबवर गेलेले. धुराडी त्या सामाईक भिंतींतूनच वर जातात, हे लक्षात ठेवावे, कारण बुजवलेल्या खिडकीचे उत्तर पुष्कळदा तिथेच सापडते.

खिडक्यांच्या उंचीवरून त्या घराची दिनचर्या वाचता येते. स्वयंपाक तळघरात होई, तळमजल्यावर जेवणाची खोली असे आणि पाहुण्यांना बसवण्याचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर असे. म्हणून तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. दुसऱ्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या आल्या की उंची घटते, आणि नोकरांच्या वाट्याला येणाऱ्या माळ्यावर ती जवळजवळ चौरस उरते. कोळसा रस्त्याखालच्या कमानदार कोठ्यांत साठवत. बाथमध्ये तर अनेक ठिकाणी असा रस्ताच कमानींवर उचललेला आहे, त्यामुळे समोरून तळघर वाटणारा मजला मागच्या बाजूला जमिनीच्या पातळीवर निघतो.

लंडनमध्ये या घरांना वळण लावले ते कायद्यांनी. १६६६ च्या आगीने शहर जळाल्यावर लाकडाविषयीची धास्ती टिकून राहिली. १७०७ च्या कायद्याने छपराच्या कडेच्या लाकडी वळचणीला मनाई केली, म्हणून भिंतच वर चढवून तिचा कठडा झाला आणि छप्पर त्याआड गेले. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत सरकवली. १७७४ च्या कायद्याने ती चौकट भिंतीतल्या खाचेत जवळपास लपवायला लावली आणि घरांचे आकार व किमतीनुसार चार वर्ग ठरवून दिले. हे कायदे लंडनपुरते होते, पण ती धाटणी इतर शहरांनीही उचलली. या घरांच्या साधेपणाचे आपण अभिरुची म्हणून फार कौतुक करतो. माझ्या मते त्यातला बराच भाग आगीच्या भीतीचा आणि कंत्राटदाराच्या काटकसरीचा आहे.

काटकसर म्हणण्याचे कारण असे की यांतील बरीच घरे विकण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठीच बांधली जात. बाथमधील रॉयल क्रेसेंट हे याचे सर्वांत देखणे उदाहरण. १७६७ ते १७७५ या काळात धाकट्या जॉन वुडच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली ही ३० घरे चंद्रकोरीसारख्या एकाच वळणावर असून त्यांच्या दर्शनी भागावर आयोनिक शैलीचे ११४ स्तंभ आहेत. वुडने एकसंध ठेवला तो फक्त हा दर्शनी भाग. ज्याने त्यातील जेवढी रुंदी घेतली, त्याने मागचे घर आपल्या पसंतीच्या रचनाकाराकडून करून घेतले. त्यामुळे समोरून अखंड राजवाडा दिसतो आणि मागून पाहावे तर कुणाची भिंत पुढे आलेली, कुणाची आत गेलेली, छपरांचाही मेळ नाही. भाच्याला आपल्या घराची मागची बाजू अवश्य पाहायला सांगा. खरा इतिहास तिथे जास्त उघडा असतो.

उत्तर : करवसुली

खिडकीवरचा कर १६९६ पासून १८५१ पर्यंत खरोखरच होता आणि लोकांनी तो चुकवण्यासाठी खिडक्या बुजवल्या, हेही खरे. परंतु प्रत्येक आंधळी खिडकी कराच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. दर्शनी भागाची सममिती राखायची आणि आत नेमके तिथेच धुराडे किंवा आडवी भिंत येत असेल, तर बांधतानाच खोटी खिडकी ठेवत. बुजवणीचे दगड आजूबाजूच्या थरांशी सलग जुळलेले आणि भिंतीत गुंतलेले असतील, तर ती मुळातच तशी असावी. सांधे तुटक असतील किंवा आतून खिडकीच्या झडपांची जागा दिसत असेल, तर नंतर बुजवलेली.

बाळीवेसकर

आभारी आहे. भाच्याने पाहून कळवले की त्या भिंतीला आतून शेकोटी आहे आणि दगडांचे थर सलग आहेत. म्हणजे कराची कथा इथे लागू पडत नाही असे दिसते. संरक्षणाचे आणि थंडीचे कोणी सांगेल का?

उत्तर : चुनेवाला, मंगळवार पेठ

आपल्या भुईकोट किल्ल्याचे संरक्षण केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे आहे; त्या कायद्यात १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी, असा वास्तूभोवतीच्या जमिनीवर भर असतो. इंग्लंडमधील यादी वेगळ्या विचाराची आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले सुरू असताना कोणत्या इमारती डागडुजी करून वाचवायच्या, यासाठी ज्या नोंदी झाल्या, त्यांतून ती वाढली आणि १९४४ व १९४७ च्या नगररचना कायद्यांनी तिला बळ मिळाले. एप्रिल १९४२ च्या हल्ल्यांत रॉयल क्रेसेंटमधीलही दोन घरे आतून जळाली होती. तरी यादी झाल्याने सगळे वाचले असे नाही. १९६० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे बाथमध्ये कारागिरांच्या साध्या जॉर्जियन घरांच्या रांगा पाडल्या गेल्या, कारण चंद्रकोरी आणि चौक तेवढे मौल्यवान, ही समजूत होती. मला ही हानी फार मोठी वाटते.

यादीत पहिला, तारांकित दुसरा आणि दुसरा असे तीन दर्जे आहेत आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वास्तू शेवटच्या दर्जात मोडतात. घर विकता येते, भाड्याने देता येते, त्यात राहता येते. परंतु संरक्षण आतल्या जिन्यापासून शेकोटीच्या चौकटीपर्यंत सगळ्याला लागू असते आणि वास्तूचे स्वरूप बदलेल असे काम विनापरवाना करणे हा फौजदारी गुन्हा आहे. नियमांची ओढाताण किती टोकाला जाते पाहा : रॉयल क्रेसेंटमधील २२ क्रमांकाच्या घराचा दरवाजा १९७० च्या दशकात मालकिणीने पिवळा रंगवला, नगरपालिकेने रंग बदलण्याची नोटीस काढली, बाईंनी दाद मागितली आणि दरवाजा पिवळाच राहिला.

आता थंडी. वर-खाली सरकणाऱ्या त्या खिडकीची लाकडी पट्ट्यांची जाळी अतिशय बारीक असते आणि तावदाने दोऱ्यांना बांधलेल्या लपलेल्या वजनांवर तोललेली असतात. दुहेरी काच जाड आणि जड. ती पेलायला पट्ट्या जाड कराव्या लागतात, वजने बदलावी लागतात आणि किंचित लहरी असलेली जुनी काच कायमची जाते. म्हणून परवानगी सहजी मिळत नाही. मूळ खिडकीला हात न लावता आतल्या बाजूने दुसरी सुटी काच बसवणे बहुतेक ठिकाणी मान्य होते. मालकांनी नगरपालिकेच्या वारसा-अधिकाऱ्याला आधी विचारावे. त्याआधी भाच्याने खिडकीच्या दोन्ही अंगांच्या लाकडी फळ्या ओढून पाहाव्यात. त्या बहुधा घडीच्या झडपा असतात आणि पिढ्यानपिढ्या रंग चढून चिकटून बसलेल्या असतात. मालकांच्या संमतीने त्या मोकळ्या करून रात्री मिटल्या, तर बाहेर जाणारी ऊब बरीच अडते.

मालकांना आणखी एक विचारावे : ओल दिसते तिथे सिमेंटचा गिलावा तर केलेला नाही ना? बाथचा दगड मऊ चुनखडीचा आहे. चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती अडते, दगडात साठते आणि थंडीत गोठून दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही सिमेंट थापलेल्या भिंतीला पोपडे धरतात, तिथे गोठणे नसते, पण कोंडलेल्या ओलीबरोबर येणारे क्षार तेच काम करतात. ओलसर भिंत कोरड्या भिंतीपेक्षा ऊब लवकर घालवते, तेव्हा काचेच्या खर्चाआधी सांधे चुन्यात भरून घेणे स्वस्त पडेल, आणि त्याच पद्धतीच्या लहान डागडुजीला सहसा परवानगीही लागत नाही.