फॅटी लिव्हरच्या प्रोजेक्टला एमसीडी खाद्य आता पुरे करूया का?

कडकभाकरी (धागाकर्ती, सोलापूर)
आमच्याकडे एम.फार्म.ला फॅटी लिव्हरवर एखाद्या वनस्पतीचा अर्क तपासायचा म्हटलं की उंदरांचं खाद्य ठरलेलं असतं: एमसीडी, म्हणजे मेथिओनिन आणि कोलीन ही दोन पोषकद्रव्यं काढून टाकलेलं. माझं म्हणणं, अशा प्रोजेक्टसाठी ते थांबवायला हवं.

कोलीनशिवाय यकृताला फॉस्फॅटिडिलकोलीन हा स्निग्ध पदार्थ पुरेसा बनवता येत नाही, आणि तो नसला की चरबी व्हीएलडीएलमधून, म्हणजे चरबी वाहून नेणाऱ्या कणांतून, रक्तात पाठवता येत नाही. ती यकृतातच साठत जाते. थोड्याच आठवड्यांत सूज येते, पुढे फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखे कडक तंतू. स्लाइडवर चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं दिसतं. पण हे उंदीर मी स्वतः रोज तोलले आहेत. 25 ग्रॅमचा उंदीर चौथ्या आठवड्यात 18 वर आला होता. हातात घेतला की पाठीचे मणके बोटांना लागायचे. कापल्यावर यकृत फिकट पिवळं, ब्लेडला ओशट लागणारं. इतका वाळलेला प्राणी, आणि थिसिसच्या पहिल्या पानावर लठ्ठपणा आणि मधुमेहाची आकडेवारी! या उंदरांत इन्सुलिन नीट काम करत असतं. मग हा आजार आपल्या पेशंटचा कसा?

भुईकोट
ताई, पटलं नाही. प्रश्न सूज आणि फायब्रोसिसचा असेल तर एमसीडीइतकं भरवशाचं खाद्य दुसरं कुठलं आहे? 60 टक्के कॅलरी चरबीतून देणारं खाद्य 16 आठवडे घाला, उंदीर गोल होतो, यकृतात चरबी येते, पण फायब्रोसिस नावापुरता. फ्रुक्टोज आणि कोलेस्टेरॉल घातलेलं वेस्टर्न डाएट घ्या, तर सहा महिने लागतात. मुलांच्या हातात प्रोजेक्टला उरतंच किती? मंजुरी येईपर्यंत अर्धं वर्ष जातं. शिवाय कमी आठवडे म्हणजे प्राण्यालाही कमी दिवस त्रास, हेही धरा.

माळढोक
दोघेही खाद्यावरून भांडताय, पिंजऱ्यावर कोणीच बोलत नाही. एएसके-1 हे एन्झाइम अडवल्यावर उंदरांच्या यकृतात फायदा दिसला होता. ते अडवणारं सेलोनसेर्टिब 2019 मध्ये माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यात नापास झालं. आपल्या देशात 2023 मध्ये औषधांचे नियम बदलून प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाट करून दिली आहे. माणसाच्या यकृतपेशींवर काम करा.

भुईकोट
माळढोक, तुम्ही तळमळीने लिहिता, म्हणून सरळ उत्तर देतो. वाडग्यातल्या पेशीला आतडं नाही, पोटाची चरबी नाही, स्वादुपिंड नाही. हा आजार या सगळ्यांच्या देवाणघेवाणीतून होतो. पहिली चाळणी पेशींवर करा, त्याला माझी ना नाही. पण शेवटपर्यंत तिच्यावर जाता येणार नाही.

चादरवाला
मी तुमच्या क्षेत्रातला नाही, यंत्रमागावर आयुष्य गेलं. वडिलांचं वजन 54 किलो, जेवण ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, दारूचा थेंब नाही. तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. म्हणजे बारीक माणसालाही होतं की. मग वाळलेल्या उंदरावर इतका राग का?

कडकभाकरी
काका, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. आपल्याकडे बाहेरून बारीक दिसणाऱ्या अनेकांच्या पोटात आतून चरबी असते आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. वडिलांची साखर तपासली नसेल तर जरूर तपासून घ्या. एमसीडीचा उंदीर बारीक असतो तो उपासमारीसारख्या हालतीमुळे, त्याचा चयापचय उलट्या दिशेने गेलेला असतो. दोघांचं वजन कमी, एवढंच साम्य.

भुईकोट सर, वेळेचा मुद्दा मला मान्य आहे, मीही त्यातून गेले आहे. पण कमी दिवस त्रास हे पटत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणारच नाही त्यासाठी चार आठवडे वाळवलेला उंदीर पूर्ण वाया गेला. अर्काने फायब्रोसिस थांबतो का, एवढंच विचारायचं असेल तर एमसीडी वापरा आणि शीर्षकात तेवढंच लिहा. लठ्ठपणा, मधुमेह हे शब्द काढा. आणि कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला, साधं गोळी खाद्य नको. तेच खाद्य, मेथिओनिन-कोलीन परत घातलेलं हवं. हे मी दोन थिसिसमध्ये चुकलेलं पाहिलं आहे आणि तिथे फरक अर्काचा की खाद्याचा, कळायला मार्गच नव्हता.

भुईकोट
कंट्रोलचं शंभर टक्के मान्य. शीर्षकाचंही. पण सहा महिन्यांच्या खाद्याचा खर्च कोण देणार? शुद्ध घटकांचं खाद्य किलोमागे किती पडतं, तुम्हाला माहीत आहे.

कडकभाकरी
माहीत आहे. म्हणून एकाच बॅचचे उंदीर वेस्टर्न डाएटवर आधीपासून वाढवायचे आणि दोन-तीन विद्यार्थ्यांनी एकच कंट्रोल गट वाटून घ्यायचा, असा प्रस्ताव आमच्या प्राणी नीतिसमितीपुढे ठेवतेय. प्राणीही कमी लागतील. मसुदा बघून द्याल का, सर?

भुईकोट
पाठवा. पण गटात किती उंदीर, ते आकडेमोड करून लिहा. सहा-सहा नेहमीचे म्हणून सहा, असं नको.