मदत हवी आहे: सिरियलायझेबल केलंय तरी पावतीचा स्क्रीन उघडताना ॲप बंद पडतंय (तातडीचं)

कागलचा विन्या · रात्री ९:१२
मंडळी, लई डोकं फिरलंय. गावातल्या दूध संस्थेसाठी अँड्रॉइड ॲप करतोय. संकलनाच्या स्क्रीनवर सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकायचं आणि 'पावती' बटण दाबायचं. पुढच्या स्क्रीनवर ती नोंद दिसायला पाहिजे. दिसत नाही, ॲपच बंद पडतं. नोंदीच्या वर्गाला इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल (वस्तू बायटांत बांधायची जावाची सोय) लिहिलंय, इंटेंटमध्ये (पुढचा स्क्रीन उघडायचा निरोप) पुटएक्स्ट्रा करून नोंद भरलीय, सगळं यूट्यूबवर दाखवतात तसंच. तीन दिवस झाले. सकाळी साडेपाचला संकलन सुरू होतंय आणि सचिवांना 'उद्या दाखवतो' म्हणून बसलोय. काय चुकतंय तेवढं सांगा. 'गूगल कर' सांगू नका, केलंय.

जुना कोडकर, पुणे · ९:१९
लॉग कुठे आहे? जावा की कॉटलिन? 'बंद पडतं' म्हणजे बटण दाबताक्षणी, की पुढचा स्क्रीन उघडल्यावर? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

राजारामपुरी ९वी गल्ली · ९:२४
भावा, अँड्रॉइडचा हा सगळा खटाटोपच सोड. फ्लटर घे, ॲप करायचं दुसरं साधन. तिथं पुढच्या स्क्रीनच्या कन्स्ट्रक्टरला वस्तू हातात द्यायची, झालं. बांधाबांध नाही, सोडासोड नाही. मी दोन ॲपं अशी काढली, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी.

कागलचा विन्या · ९:२७
उद्या साडेपाचपर्यंत फ्लटर शिकून ॲप परत लिहू होय? जावा आहे. लॉगमध्ये लाल अक्षरात बरंच काय काय येतंय.

जुना कोडकर, पुणे · ९:२९
ते 'बरंच काय काय' इथे टाक.

काकासाहेब सचिव (निवृत्त) · ९:३५
ॲपचं मला काही कळत नाही, पण दूध संस्थेत तीस वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. दरपत्रक नीट भरलं आहेस ना? म्हशीला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५ हा पाया धरून वर-खाली दर चढतो-उतरतो. गाय आणि म्हैस यांचे तक्ते वेगळे ठेव. पोरं एकच तक्ता करतात आणि मग बिलाच्या दिवशी संस्थेच्या दारात भांडणं.

कागलचा विन्या · ९:४१
काका, तक्ते वेगळेच आहेत. लॉग मोबाइलवरून हाताने टाइप करतोय, लॅपटॉपला नेट नाही: 'रनटाइमएक्सेप्शन: पार्सेलेबल एनकाउंटर्ड आयओएक्सेप्शन रायटिंग सिरियलायझेबल ऑब्जेक्ट, नेम बरोबर दूधनोंद'. आता मला हे सांगा, मी पार्सेलेबल (अँड्रॉइडची स्वतःची बांधायची पद्धत) वापरलेलंच नाही. मग हा पार्सेलेबल आला कुठून?

मृण्मयी शाहूपुरी · ९:४८
तो तुझ्या कोडमधून आलेला नाही. इंटेंट तुझ्याच ॲपमधल्या तुझ्याच स्क्रीनकडं जात असला तरी मधे अँड्रॉइडच्या सिस्टीम प्रोसेसमधनं फिरून येतो. त्यासाठी सगळा ऐवज बायटांत बांधावा लागतो आणि ते काम पार्सल नावाचा वर्ग करतो. तुझी सिरियलायझेबल वस्तू त्याच्या पोटात भरताना काहीतरी अडलं, म्हणून तक्रार त्याच्या नावानं येते. खरं कारण खाली असतं. लॉग खाली सरकव, 'कॉज्ड बाय'ने सुरू होणारी शेवटची ओळ दे. मी पण याच्यात दोन दिवस अडकलो होतो.

जुना कोडकर, पुणे · ९:५२
मृण्मयीराव बरोबर सांगताहेत. पण मुळात सिरियलायझेबल वापरायचंच कशाला? ते रिफ्लेक्शनवर (ॲप चालू असताना वर्गाची फील्डं धुंडाळत) चालतं, ढीगभर तात्पुरत्या वस्तू तयार करतं, संथ आहे. पार्सेलेबल करून टाक, प्रश्नच मिटेल.

मृण्मयी शाहूपुरी · ९:५५
राव नाही, बाई आहे. कोल्हापुरात आम्ही 'अडकलो'च म्हणतो. आणि एका नोंदीसाठी तो संथपणा कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. आधी काय मोडलंय ते बघू द्या, दुरुस्तीच्या आधी रंग कशाला काढताय?

इचलकरंजीचा माग · १०:०३
एवढं कशाला? एक पब्लिक स्टॅटिक व्हेरिएबल ठेव, सगळ्या ॲपला मिळून एकच. या स्क्रीनवर भर, त्या स्क्रीनवर वाच. माझं सुताच्या हिशेबाचं ॲप असंच चालतंय, एक तक्रार नाही.

मृण्मयी शाहूपुरी · १०:०८
तक्रार नाही कारण फोन चांगला असेल. दूध संस्थेत दोन जीबी रॅमचा जुना फोन असतो. मापाड्याला मधेच फोन आला, त्यानं फोटो काढला, तेवढ्यात सिस्टीमनं ॲपची प्रोसेस मारली, की परत आल्यावर स्क्रीन पावतीचाच उघडतो आणि तुमचं स्टॅटिक नल, म्हणजे रिकामं.

इचलकरंजीचा माग · १०:१२
डेव्हलपर ऑप्शनमधलं 'डोंट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करून तपासलंय. काही होत नाही.

मृण्मयी शाहूपुरी · १०:१५
होणारच नाही. त्यानं फक्त ॲक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन, मरते, प्रोसेस जिवंत राहते, म्हणून स्टॅटिकही राहतं. ॲप मागं टाका, एडीबीवरून (संगणकावरून फोनला हुकूम द्यायचं साधन) प्रोसेस मारायचा 'एएम किल' हुकूम द्या आणि रिसेंटमधनं परत उघडा. मग बोलू.

पंचगंगाकाठ · १०:१८
पार्सेलेबल म्हणजे पार्सलच ना शेवटी? मिसळ पार्सल घेतली की फरसाण वेगळं, कट वेगळा, पाव वेगळे. घरी जाऊन क्रम चुकला की फरसाणाचा लगदा.

राजारामपुरी ९वी गल्ली · १०:२०
कट नव्हे, रस्सा म्हण. कट पुण्यात मिळतो.

पंचगंगाकाठ · १०:२१
आमच्या आजीपासून कटच म्हणतोय.

जुना कोडकर, पुणे · १०:२३
मिसळीचा धागा वेगळा आहे. विन्या, शेवटची ओळ?

कागलचा विन्या · १०:३१
जेवायला गेलो होतो. ही घ्या: 'कॉज्ड बाय: नॉटसिरियलायझेबलएक्सेप्शन' आणि पुढं 'संकलनॲक्टिव्हिटी'. पण मी ॲक्टिव्हिटी पाठवतच नाही! फक्त नोंद पाठवतोय. सभासद नंबर इंट, नाव स्ट्रिंग, बाकी सगळे डबल. यात ॲक्टिव्हिटी कुठाय?

इचलकरंजीचा माग · १०:३४
त्या ॲक्टिव्हिटीच्या फील्डला ट्रान्झियंट लाव, ते वगळलं जाईल.

कागलचा विन्या · १०:३५
अहो असं फील्डच नाही!

मृण्मयी शाहूपुरी · १०:३७
दूधनोंद हा वर्ग कुठल्या फाइलमध्ये लिहिलायस? आणि लॉगमधलं नाव जसंच्या तसं दे, एक अक्षर न गाळता.

कागलचा विन्या · १०:४२
संकलनॲक्टिव्हिटीच्याच फाइलमध्ये, तिच्या आतच. वेगळी फाइल कशाला करायची एवढ्याशा वर्गाला? नाव पूर्ण म्हणजे 'संकलनॲक्टिव्हिटी डॉलर दूधनोंद' असं काहीतरी आहे. डॉलर मला कचरा वाटला म्हणून टाइप केला नाही.

मृण्मयी शाहूपुरी · १०:४६
तो कचरा म्हणजेच तुझं उत्तर. डॉलर म्हणजे वर्गाच्या आतला वर्ग. जावात असा आतला वर्ग स्टॅटिक नसेल तर कंपायलर त्यात गुपचूप एक फील्ड घालतो, बाहेरच्या वस्तूला धरून ठेवणारं. इथं बाहेरची वस्तू म्हणजे अख्खी संकलनॲक्टिव्हिटी. सिरियलायझेशन नोंद बांधताना तिच्या प्रत्येक फील्डच्या मागं जातं, त्या लपलेल्या फील्डमागं गेलं की ॲक्टिव्हिटी सापडते. ती काय सिरियलायझेबल नाही. ट्रान्झियंट कशाला लावणार, ते फील्ड तू लिहिलेलंच नाहीस. वर्गापुढं 'स्टॅटिक' लिही आणि चालव.

जुना कोडकर, पुणे · १०:५०
अचूक. कॉटलिनमध्ये हे उलटं आहे, आतला वर्ग बाहेरच्याला धरत नाही, 'इनर' लिहिलं तरच धरतो. म्हणूनच सांगतो, कॉटलिनवर ये. पार्सलाइज ॲनोटेशन लावलं की बांधणं-सोडणं दोन्ही आपोआप.

कागलचा विन्या · १०:५८
स्टॅटिक लिहिलं तर दुसरीकडं लाल झालं. नोंदीच्या वर्गात रक्कम काढायचं फंक्शन आहे, ते ॲक्टिव्हिटीतलं दरपत्रक वापरतं. आता ते त्याला दिसत नाही म्हणतंय.

मृण्मयी शाहूपुरी · ११:०१
बरोबर म्हणतंय. तेवढ्यासाठीच तो वर्ग ॲक्टिव्हिटीला चिकटला होता. रक्कम संकलनाच्या स्क्रीनवरच काढ आणि नोंदीत नुसता आकडा ठेव. वर्ग वेगळ्या फाइलमध्ये टाक. एवढासा असला तरी.

काकासाहेब सचिव (निवृत्त) · ११:०४
रक्कम नोंदीतच कायम ठेवावी हे बरोबर. उद्या दर बदलला तर जुन्या पावतीची रक्कम बदलता कामा नये.

कागलचा विन्या · ११:१६
चाललं!! मृण्मयीताई, नाद खुळा! तीन दिवसांत पहिल्यांदा पावतीचा स्क्रीन बघतोय. आता दहा दिवसांच्या बिलाचा स्क्रीनही असाच करतो, सगळ्या सभासदांच्या नोंदींची यादी पुटएक्स्ट्रा.

मृण्मयी शाहूपुरी · ११:१९
थांब. सभासद किती?

कागलचा विन्या · ११:२०
तीनशेच्या आसपास.

मृण्मयी शाहूपुरी · ११:२५
३०० सभासद, रोज दोन वेळा, दहा दिवस. ६००० नोंदी. ज्या वाटेनं इंटेंट जातो तिथं जागा १ एमबीची, आणि ती त्या वेळी तुझ्या प्रोसेसच्या चाललेल्या सगळ्या देवाणघेवाणीत मिळून. त्यात सिरियलायझेबल नोंदींची यादी दिलीस की प्रत्येक नोंद स्वतंत्र बांधली जाते, प्रत्येकीबरोबर वर्गाचं नाव आणि फील्डांची नावं परत परत. ट्रान्झॅक्शनटूलार्ज म्हणून कोसळेल. आणि गंमत म्हणजे घरी दहा नोंदींवर तपासशील तेव्हा छान चालेल, पहिल्या बिलाच्या दिवशी पडेल. यादी पाठवूच नको. बिलाच्या तारखा पाठव, नोंदी पुढच्या स्क्रीननं डेटाबेसमधनं वाचाव्यात.

कागलचा विन्या · ११:२८
डेटाबेस अजून केला नाही. नोंदी सध्या ॲरेलिस्टमध्ये आहेत.

जुना कोडकर, पुणे · ११:२९
म्हणजे ॲप बंद केलं की संकलन गायब?

कागलचा विन्या · ११:३०
उद्या फक्त दाखवायचंय हो. सचिवांकडं वही आहेच. डेटाबेस या आठवड्यात करतो.

जुना कोडकर, पुणे · ११:३४
मग पार्सेलेबल तरी आज कर. जावात हाताने लिहावं लागेल: राइटटूपार्सल (बांधणारं), क्रिएटर (वाचून वस्तू परत उभी करणारा) आणि डिस्क्राइबकंटेंट्स. वीस मिनिटांचं काम आहे. वाचताना अँड्रॉइड १३ पासून जुनं गेटपार्सेलेबलएक्स्ट्रा डेप्रिकेटेड (आता वापरू नये असं) दिसेल, तर इंटेंटकंपॅट वापर. माझ्या टीममध्ये सिरियलायझेबल दिसलं तर कोड परत पाठवतो.

मृण्मयी शाहूपुरी · ११:३६
चालणाऱ्या गोष्टीला रात्री साडेअकराला हात लावू नको. झोप.

कागलचा विन्या · रात्री १२:५२
लावला. कोडकर सर, पार्सेलेबल केलं, जमलं! बटण दाबलं की पावती झटकन येतीय (का मलाच तसं वाटतंय). ही चाचणीची पावती बघा:
सभासद ११७, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ९.१, एसएनएफ ६.५, दर आणि रक्कम बरोबर. आता झोपतो.

इचलकरंजीचा माग · १२:५७
अभिनंदन. एएम किल दिलं. स्टॅटिक नल आलं. गप बसतो.

काकासाहेब सचिव (निवृत्त) · पहाटे ४:४०
विन्या, उठ. ती पावती चुकीची आहे. म्हशीच्या दुधाला ९.१ फॅट एखादे वेळी लागेलही, पण ६.५ एसएनएफ म्हणजे दुधात पाणी ओतलंय. एकाच किटलीत दोन्ही व्हायचं नाही. आकडे उलटे पडलेत. फॅट ६.५ आणि एसएनएफ ९.१ असणार. तू दर लिहिला नाहीस, पण तो ६.५ फॅटचाच निघाला असेल, म्हणून तुला बरोबर वाटला. ही पावती सभासदाच्या हातात पडली तर ९.१ च्या फॅटचे पैसे मागायला तो सकाळी दारात येईल आणि त्याचं चुकलंही नसेल.

जुना कोडकर, पुणे · ४:५८
काका, हात जोडले. विन्या, राइटटूपार्सलमध्ये आधी फॅट लिहिलंस आणि क्रिएटरमध्ये वाचताना आधी एसएनएफ वाचलंस. पार्सलमध्ये फील्डांची नावं जात नाहीत, नुसती मूल्यं एकामागून एक. दोन्ही डबल, म्हणून कुठेही एरर नाही. ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाच. हे रात्री सांगायला हवं होतं, राहिलं.

पंचगंगाकाठ · ५:०२
मी सांगितलं होतं, क्रम चुकला की लगदा.

मृण्मयी शाहूपुरी · ५:०६
सिरियलायझेबलमध्ये हे झालं नसतं, तिथं फील्ड नावानं जुळतात. एवढंच बोलून थांबतो.

कागलचा विन्या · ५:२१
अगदी तेच. रीडडबलच्या दोन ओळी वर-खाली झाल्या होत्या. आता बरोबर: फॅट ६.५, एसएनएफ ९.१. काका, तुम्ही नसता तर गावात माझी वरात निघाली असती. संस्थेचं शटर उघडलंय, दोन सायकली आल्यापण. फक्त एक राहिलंय, ब्लूटूथ प्रिंटरवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतायत. इथंच विचारू की नवा धागा काढू?

जुना कोडकर, पुणे · ५:२३
नवा धागा. प्रिंटरचं मॉडेल लिही, आणि काही गाळू नकोस. डॉलरसुद्धा.