कस्तूर: एक नाव, दोन पक्षी

प्रश्न: आमच्या माथेरानच्या मावशी पहाटे शीळ घालणाऱ्या पक्ष्याला 'कस्तूर' म्हणत. गेल्या आठवड्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एका जाणकारांनी नारिंगी रंगाचा, जमिनीवर पाने उलटणारा पक्षी दाखवून तोही 'कस्तूर'च असल्याचे सांगितले. यांपैकी खरा कस्तूर कोणता? आणि लिहायचे 'कस्तूर' की 'कस्तुर'?

उत्तर: दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. मराठीत 'कस्तूर' हे एकाच पक्ष्याचे नाव नसून मिळत्याजुळत्या अंगलटीच्या अनेक गाणाऱ्या पक्ष्यांसाठी वापरले जाणारे नाव आहे, त्यामुळे त्याच्याआधी विशेषण लावल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

मावशींचा तो शीळकरी कस्तूर. अंगाने मैनेपेक्षा थोडा मोठा, सुमारे 25 सेंटिमीटर लांबीचा. लांबून नुसता काळा वाटतो, पण ऊन पडताच कपाळावर आणि खांद्यांवर झळझळीत निळे पट्टे उजळतात. नर आणि मादी दिसायला सारखेच. सह्याद्रीतील ओढे, धबधबे आणि दाट सावली ही त्याची जागा. पाऊस सुरू झाला की उजाडण्यापूर्वीच त्याची शीळ ऐकू येते. ती एका ठरलेल्या चालीवर येत नाही, मध्येच चढते, मध्येच उतरते, आणि रमतगमत निघालेला एखादा मुलगा शीळ घालत असावा असे वाटते. इंग्रज लोकांनीही त्याला शीळ घालणारा शाळकरी मुलगा असेच टोपणनाव दिले होते. 'शाळकरी' आणि 'शीळकरी' यांत केवळ एका स्वराचा फरक आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

'शीळकरी' या शब्दातील '-करी' हा 'शेतकरी', 'वारकरी' यांतलाच प्रत्यय आहे, म्हणून त्याला 'शिटीवाला कस्तूर' म्हणू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शिटी कुकरची होते किंवा रेल्वेची होते. तोंडाने घालतात ती शीळ.

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, माथेरानला एका ओढ्याच्या काठी मी छत्री मिटून दगडाआड बसलो होतो. हा पक्षी दहा-बारा हातांवर उतरला, त्याच्या चोचीत लहानसा खेकडा होता. ओल्या कातळावर त्याने तो आपटला, उचलला, पुन्हा आपटला, आणि पाय गळून पडल्यावर उरलेला भाग गिळून टाकला. मग शेपटी पंख्यासारखी पसरून किंचित खाली झुकवली आणि 'क्री' असा तीक्ष्ण आवाज काढून तो झऱ्याच्या वरच्या अंगाला गेला. कीटक, गोगलगायी, बेडूक आणि फळे हेही त्याचे खाद्य आहे. वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. शेवाळ आणि मुळ्या चिखलाने सांधून केलेले घरटे बहुधा पाण्याजवळच्या कपारीत असते.

उद्यानात दिसलेला तो नारिंगी डोक्याचा कस्तूर. डोके आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा ठिपका. आपल्या भागातील उपजातीचा चेहरा पांढरट असून त्यावर दोन काळपट उभ्या रेघा असतात. त्या पाहिल्या की शंका राहत नाही. तो सावलीत पाचोळा चोचीने उलटून किडे, गांडुळे शोधतो, तेव्हा डोळ्यांआधी कानांना त्या खसफसीचा सुगावा लागतो. गातोही गोड, आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो.

आता लेखनाविषयी. मराठीतील अकारान्त शब्दांचा उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, इकार-उकार दीर्घ लिहावा, या नियमाप्रमाणे 'कस्तूर' हे रूप योग्य. विभक्तिप्रत्यय लागताना मात्र उकार ऱ्हस्व होतो: 'मजूर, मजुराने' तसे 'कस्तूर, कस्तुराने'. 'कस्तुर' हे रूप बहुधा 'कस्तुराचा', 'कस्तुराला' यांतील ऱ्हस्व उकार मूळ शब्दात आल्यामुळे रूढ झाले असावे.

पुरवणी प्रश्न: मग मावशींच्या आठवणी लिहिताना नुसते 'कस्तूर' ठेवू की बदलू?

उत्तर: त्यांच्या तोंडच्या वाक्यांत 'कस्तूर'च ठेवा. आपल्या निवेदनात त्याचा पहिला उल्लेख येईल तेथे मात्र 'शीळकरी कस्तूर' असे लिहा.