बीआरसीए दोन्ही चांगले, तरी डीएनएची दुरुस्ती अडते कशी?

कोरेगावची लेक:
आईचं दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. परवा जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. बीआरसीए-१ आणि २ या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत दोष नाही, पीएएलबी-२ या जनुकात आहे. डॉक्टर म्हणाले, हेही त्याच माळेतलं. बाहेर रांग होती, पुढं विचारवलं नाही. त्या दोन जनुकांवरून बनणारी, दुरुस्ती करणारी दोन्ही प्रथिनं धडधाकट असताना तिसऱ्यापायी काम अडतं कसं? मी बी.कॉम. आहे, सोपं करून सांगा.

विटेकर:
ताई, मी जीवशास्त्र शिकवतो, पण लहानपण विट्यात यंत्रमागाशेजारी गेलं, तिथूनच सांगतो. ताण्याचा धागा तुटला की वडील आधी माग थांबवायचे. चालू ठेवला तर कापड खराब होत जातं. पेशीतही तसंच. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की एमआरएन हा तीन प्रथिनांचा गट टोकं धरतो, एटीएम नावाच्या प्रथिनाला जागं करतो, आणि एटीएमच्या इशाऱ्यानं पेशीचं विभाजन थांबतं.

पुढं दोन वाटा. घाईची वाट म्हणजे टोकं जुळवून सांधायची. त्यात काही अक्षरं गळू शकतात. दुसरीत जुळी प्रत बघून गेलेला भाग पुन्हा लिहितात. तुमचा रिपोर्ट या दुसऱ्या वाटेचा.

इथं टोकं सोलली की एकेरी धागा उघडा पडतो आणि आरपीए हे प्रथिन त्यावर लगेच चिकटून बसतं. जुळी प्रत शोधणार आरएडी-५१ हे प्रथिन, पण आरपीए असताना त्याला सहज शिरकाव मिळत नाही. बीआरसीए-२ त्याला आणून बसवतं. आणि बीआरसीए-२ ला त्या जागी कोण आणतं? पीएएलबी-२! त्याचं एक टोक बीआरसीए-१ ला धरतं, दुसरं बीआरसीए-२ ला. २००६ मध्ये ते सापडलं तेव्हा नावच 'बीआरसीए-२ चा जोडीदार' अशा अर्थाचं पडलं. हा दुवा निखळला की बीआरसीए-२ चांगलं असूनही तुटलेल्या जागी नीट पोचत नाही.

पुस्तकात एकेका प्रथिनाला वेगळी चौकट असते, ते मला फार खटकतं. कोण कुणाला धरतं, हे शिकवलं की मुलांचे चेहरे उजळतात.

कोरेगावची लेक:
म्हणजे आईच्या सगळ्या पेशींत हा दुवाच नाही? मग ती साठीपर्यंत ठणठणीत कशी होती?

विटेकर:
नाही ताई. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यांची एक प्रत चांगली आहे, तिच्यावर काम निभतं. एखाद्या पेशीत तीही बिघडली, तर चुका साचू लागतात.

मिरजेची सिस्टर:
सदोष प्रत आईकडून मुलाकडे येण्याची शक्यता ५० टक्के, मुलीकडेही तेवढीच. पुरुषांना लागू नाही असं समजून भाऊ मागं राहतात, तसं करू नका. पुढच्या खेपेला प्रश्न कागदावर लिहून न्या. पार्प हे डीएनए दुरुस्तीतलं आणखी एक प्रथिन, ते रोखणारी कॅन्सरवरची गोळी आईला चालेल का, हेही त्यात असू दे. उत्तर तिचे डॉक्टरच देतील.

कोरेगावची लेक:
लिहून घेतलं. भाऊ रविवारी येतोय, त्याला बसवून सांगते. फलटणच्या दोन्ही मावश्यांना आत्ताच फोन लावते.