टीएलएस १.३ : सर्व्हरची प्रायव्हेट की देऊनही वायरशार्कमध्ये काही उघडत नाही

विश्रामबाग_एमटेक
नमस्कार. सांगलीत एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहे, नेटवर्क सिक्युरिटी घेतलंय. टीएलएस म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल. त्याच्या हँडशेकच्या (सुरुवातीला की ठरवण्याच्या देवाणघेवाणीच्या) आकृत्या पाठ होतात, पण कुठला मेसेज कशासाठी, ते डोक्यात शिरत नाही. म्हणून लॅपटॉपवर ओपनएसएसएलने छोटा सर्व्हर उभा केला, पॅकेटं पकडली आणि वायरशार्कला (पॅकेटं उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरची प्रायव्हेट की दिली. टीएलएस १.२ वर आरएसए साइफर (एन्क्रिप्शनची पद्धत) लावला की सगळं उलगडतं. १.३ वर ढिम्म. साधं सर्टिफिकेटही (सर्व्हरचं ओळखपत्र) दिसत नाही. एखादं सेटिंग राहिलंय का? आणि विषय मुळातून शिकायचा तर सुरुवात कुठून करू?

मिरजेची_नेटवर्कवाली
सेटिंग राहिलेलं नाही गं, असंच व्हायला हवं. १.२ च्या त्या साइफरमध्ये क्लायंट एक गुप्त संख्या सर्व्हरच्या पब्लिक कीने (ही सर्वांना उघड, जोडीची प्रायव्हेट की फक्त सर्व्हरकडे) एन्क्रिप्ट करून पाठवतो. कुणी आज पॅकेटं साठवली आणि काही वर्षांनी की मिळवली, तर जुनं सगळं वाचता येतं. २०१४ मध्ये हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या चुकीमुळे सर्व्हरच्या मेमरीतून की गळू शकत होती, तेव्हा ही भीती प्रत्यक्षात समोर आली. १.३ मध्ये (त्याचा मानक दस्तऐवज आरएफसी ८४४६, ऑगस्ट २०१८) ही पद्धतच काढून टाकली. आता दोन्ही बाजू दर वेळी डिफी-हेलमनच्या (उघड्यावर बोलूनही दोघांत एकच गुप्त की तयार करण्याची पद्धत) ताज्या संख्या काढतात, सर्व्हरची की फक्त सही करते. सर्व्हर हॅलो या सर्व्हरच्या पहिल्या मेसेजनंतरचं सगळं एन्क्रिप्ट होतं, म्हणून सर्टिफिकेटही झाकलेलं. साइटचं नाव मात्र क्लायंट हॅलोमध्ये, म्हणजे क्लायंटच्या पहिल्या मेसेजमध्ये, बहुतेक वेळा उघडंच असतं, नक्की बघ.

आतलं बघायचं तर ओपनएसएसएलच्या क्लायंटला की-लॉग फाइलचा (सेशनच्या कींची नोंद ठेवणारी फाइल) ऑप्शन आहे. ती फाइल वायरशार्कच्या टीएलएस सेटिंगमध्ये दे.

आता अभ्यासाचं. मी इथल्या एका बँकेत नेटवर्क बघते, नवीन मुलं हाताखाली येतात, त्यांनाही हेच सांगते: सुरुवात टीएलएसने करू नका. १९७८ चा नीडहॅम-श्रोडर घे, एकमेकांची ओळख पटवण्याचा प्रोटोकॉल, त्यातला पब्लिक कीचा. प्रत्येक मेसेज घेणाऱ्याच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट केलेला. मुद्द्याचे मेसेज तीनच. अ आपला नॉन्स (एकदाच वापरायची संख्या) आणि नाव पाठवतो, ब तो नॉन्स स्वतःच्या नॉन्ससह परत करतो, अ बचा नॉन्स परत करतो. १९९५ मध्ये गॅविन लो यांनी दाखवलं, की अ एखाद्या लबाडाशी बोलायला गेला, तर तो लबाड बपुढे अ बनून उभा राहू शकतो. उपाय काय, तर दुसऱ्या मेसेजमध्ये बचं नाव घालायचं. एवढीशी उणीव १७ वर्षं राहून गेली! हा हल्ला वहीत स्वतः उतरव, दोन सेशन दोन शाईंनी. उत्तर आधी बघू नकोस.

मग टीएलएसकडे ये आणि प्रत्येक फील्डला विचार: हे काढलं तर काय बिघडेल? १.३ मध्ये सर्व्हरची सही तोवरच्या सगळ्या संभाषणाच्या हॅशवर (मजकुराचा छोटा ठसा) असते. १.२ मध्ये सहीत साइफरची निवड येतच नव्हती, २०१५ चा लॉगजॅम हा कमकुवत साइफर गळ्यात मारणारा हल्ला तिथूनच शिरला.

अजिंक्यतारा_सर
वरचं अगदी बरोबर. एक भर घालतो. क्लायंट हॅलोच्या व्हर्जन फील्डमध्ये १.२ चाच आकडा दिसेल, ०३०३. गोंधळू नकोस. खरी आवृत्ती सपोर्टेड व्हर्जन्स एक्स्टेन्शनमध्ये (त्याच मेसेजला जोडलेला जादा भाग) असते. काही जुने सर्व्हर आणि मधली उपकरणं अनोळखी आकडा दिसला की कनेक्शन तोडत, म्हणून ही सोय. साताऱ्यात तोंडी परीक्षेला मी हे हमखास विचारतो. आणि पॅकेटं स्वतःच्या मशीनचीच पकड, हॉस्टेलच्या वायफायवर इतरांची नाही.

विश्रामबाग_एमटेक
उघडलं! सर्टिफिकेट, त्यामागे सर्टिफिकेट व्हेरिफाय, मग फिनिश्ड. ताई, सही झाल्यावर फिनिश्ड कशाला?

मिरजेची_नेटवर्कवाली
छान विचारलंस. सहीने सर्व्हर कोण ते कळलं. पण दोघांच्या हाती एकच की आली का? ते फिनिश्डमधला एचमॅक (की वापरून काढलेला हॅश) सांगतो. क्लायंट तर सहसा सही करतच नाही. आणि जुनं सेशन पुन्हा सुरू करताना सर्टिफिकेट नाही, सहीही नाही. तिथे सगळी भिस्त फिनिश्डवरच. तेही पकडून बघ आणि काय दिसलं ते इथे टाक.